कुत्र्याने धरलेली कोंबडी: आधी कोंबडी, मग जखम

ताई, तुमचं सगळं वाचलं. देवगड तालुक्यातलं गाव. काल तिन्हीसांजेला शेजारचा कुत्रा खळ्यात शिरला आणि त्याने तुमच्या दोन वर्षांच्या गावठी कोंबडीला, तांबूला, पाठीवर धरलं. आरडाओरडा केल्यावर सोडलं. शेपटीची पिसं सगळी गेली, पाठीचं कातडं सोलून लोंबतंय, डावा पंख खाली पडलाय. सासूबाईंनी हळद आणि खोबरेल भरलं. रात्रभर ती डालग्याखाली होती. सकाळी डोळे मिटून, पिसं फुगवून बसलीय आणि दाण्याला चोच लावत नाही. डॉक्टर सोमवारपर्यंत रजेवर. तुम्ही विचारलंय की ती वाचेल का, हळद तशीच ठेवायची का, तिला उचलून घेतलेल्या मुलांना काही होईल का, आणि घरातले म्हणतात तसं कापून खाल्ली तर चालेल का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: कापू नका. तांबू वाचण्यासारखी आहे. कुत्र्याच्या तोंडून सुटलेल्या ज्या कोंबड्या मरतात, त्यातल्या बऱ्याच पहिल्या काही तासांतच धक्क्याने जातात. तुमची रात्र काढून बसलीय. पाठीचं सोललेलं कातडं बघून आपला जीव कळवळतो, पण कोंबडीचं कातडं पातळ आणि अंगाला सैल चिकटलेलं असतं, त्यामुळे ते सहज फाटतं आणि तितकंच चांगलं भरूनही येतं. तळहाताएवढी उघडी पाठ महिन्याभरात झाकली गेलेली मी पाहिली आहे. शेपटीची पिसं गेली त्याचं फारसं मनावर घेऊ नका. भेदरलेला पक्षी शेपटीची पिसं आपणहून सोडतो, म्हणजे शत्रूच्या तोंडात पिसं राहतात आणि जीव सुटतो. ती परत येतात.

मला काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. घरोघरी मी हेच बघतो की कोंबडी आणली रे आणली की सगळे जखमेवर तुटून पडतात. कोणी हळद आणतो, कोणी चुना, कोणी रॉकेल. ती बिचारी हातापायांच्या गराड्यात थरथरत असते आणि मलमपट्टी पुरी व्हायच्या आत मान टाकते. वाहतं रक्त तेवढं लगेच थांबवायचं: स्वच्छ सुती फडकं घ्या आणि पाच मिनिटं न उचलता दाबून धरा, मधेमधे उघडून बघू नका. बाकी सगळं नंतर. आधी ऊब, अंधार आणि पाणी. तिला श्वास आणि उभारी आली की मग जखम.

म्हणून आज सकाळी पहिलं काम हे करा. आंब्याचा रिकामा खोका तुमच्याकडे नक्की असेल. त्यात जुन्या सुती साडीच्या घड्या घाला. भाताचा पेंढा किंवा गवत या दिवसांत नको. पावसाळ्यात त्याला बुरशी धरलेली असते आणि ती पक्ष्याच्या फुप्फुसात जाते. डालगं नको, कारण त्याच्या भोकांतून वारा लागतो आणि कुत्रा, मांजर, मुलं सगळं तिला दिसत राहतं. खोका माजघरात एका कोपऱ्यात, वर अर्धं कापड टाकून. कोंबडीच्या अंगाचं तापमान साधारण ४१ अंश सेल्सिअस असतं, आपल्यापेक्षा चार अंश जास्त. पाठीची पिसं गेली, हवा दमट, त्यात खोबरेलाने उरलेली पिसं चिकटली. पिसांत हवा अडकून राहिली नाही तर ऊब टिकत नाही. खोक्याच्या एकाच बाजूला ४० वॉटचा पिवळा बल्ब लावा, हातभर अंतरावर, म्हणजे गरम झालं तर तिला दुसऱ्या बाजूला सरकता येईल. चोच उघडून धापा टाकायला लागली तर बल्ब लांब करा. लाइट गेली (आणि या दिवसांत जाणारच) तर बाटलीत गरम पाणी भरून, टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा.

मग पाणी. मेडिकलमधली ओआरएसची पुडी लिटरभर पाण्यासाठी असते, तुम्ही ती दोन लिटरमध्ये विरघळवा. पुडी नसेल तर आजच्यापुरतं कोमट पाण्यात थोडा गूळ. वाटी तिच्या चोचीसमोर धरा, चोचीचं टोक पाण्याला लावा. नाहीच प्यायली तर ड्रॉपरने चोचीच्या कडेला थेंब सोडा, ती आपोआप गिळेल. चोच फाकवून घशात ओतायचं नाही. कोंबडीच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागे अगदी उघड्यावर असतं, पाणी सरळ तिथे जातं आणि जखमेने न मेलेली कोंबडी पाण्याने मरते. एका वेळी दोन-तीन चमचे, तासाभराने पुन्हा. तिला दिवसभर पाणी दिलंत आणि काही खाल्लं नाही तरी आजचा दिवस चालेल. ओआरएसचं पाणी रोज ताजं करा आणि दोन दिवसांनी साध्या पाण्यावर या.

अशी तास-दोन तास शांत बसू द्या. मुलांना सांगा, सारखं कापड उचलून बघायचं नाही. तेवढ्यात तुम्ही जखमेची तयारी करा.

सासूबाईंनी हळद लावली ती मायेनेच, आणि खरचटलेल्या जागी हळदीने काही बिघडलंही नसतं. पण चाव्याची जखम वेगळी. कुत्र्याचा सुळा बाहेर छोटंसं भोक पाडतो आणि आत खोल जातो, शिवाय कुत्रा झटका देतो तेव्हा कातड्याखालचं मांस सुटतं. वर दिसतं त्याच्या कितीतरी पट आत फाटलेलं असतं. अशा भोकावर हळद आणि तेलाचा थर बसला की तोंड बंद होतं आणि कुत्र्याच्या लाळेतले जंतू आत कोंडले जातात. त्यातला एक जंतू पाश्चरेला. त्याचं नाव लुई पाश्चरवरून पडलं, कारण १८८० च्या सुमारास त्याने याच जातीच्या जंतूने होणाऱ्या कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर काम केलं होतं. पुढे १८८५ मध्ये कुत्रा चावलेल्या मुलाला रेबीजची लस टोचणाराही तोच. हे जंतू कोंबडीच्या रक्तात उतरले तर एक-दोन दिवसांत ती जाते. म्हणून ती हळद आज काढायची, हळुवारपणे.

धुण्यासाठी मेडिकलमध्ये मिळणारी नॉर्मल सलाइनची बाटली उत्तम. गाव लांब असेल तर एक लिटर पाणी चांगलं उकळून कोमट करा आणि त्यात चहाचा दीड सपाट चमचा मीठ घाला. थंड पाण्याने धुऊ नका, तिची आधीच गेलेली ऊब आणखी जाईल. सोबत सुई काढलेली २० मिलीची सिरिंज, स्वच्छ गॉज, बोथट टोकाची कात्री आणि पोव्हिडोन आयोडिन हे जंतुनाशक. हातात मोजे घाला. त्याचं कारण पुढे मुलांबद्दल लिहितो तिथे येईल.

धरायला दुसरं माणूस हवं. टॉवेलात गुंडाळून, डोकं बाहेर, डोळ्यांवर टॉवेलाचं टोक. अंधार झाला की कोंबडी निपचित होते. उताणी करू नका आणि छाती आवळू नका. आपल्या छाती-पोटामध्ये जसा पडदा असतो तसा तिला नसतो. छातीचं हाड आणि बरगड्या हलल्या तरच तिच्या अंगात हवा जाते. प्रेमाने घट्ट कवटाळलेली कोंबडी गुदमरते, मुलांनाही हे समजावा.

आता जखमा शोधा. एक भोक सापडलं की त्याचा जोडीदार शोधायचा, कारण जबड्याला वर दोन आणि खाली दोन सुळे असतात. पाठीवर धरलं असेल तर खालचे सुळे बरगडीच्या बाजूला, पंखाखाली, मांडीच्या आत किंवा गुदद्वाराजवळ लागलेले असतात. पिसं दाट असल्याने ती भोकं दिसत नाहीत. सलाइनने पिसं ओली करून बोटाने उलट्या दिशेने सरकवा, म्हणजे कातडं दिसतं. जखमेभोवतीची पिसं उपटायची नाहीत, फाटलेलं कातडं आणखी फाटतं. कात्रीने मुळाजवळ कापा. एखादं नवं पीस, ज्याची नळी निळसर आणि आत रक्त भरलेली आहे, ते कापू नका, त्यातून धार लागते.

जखमेवर काही ओतण्याआधी अर्धं मिनिट नुसतं बघा. तिच्या श्वासाबरोबर जखमेत बुडबुडे येतात का? काठाचं बारीक पीस आत-बाहेर हलतं का? तसं असेल तर हवेची पिशवी फुटली आहे. पक्ष्याच्या फुप्फुसांना जोडलेल्या या पिशव्या थेट पाठीपर्यंत, पोटापर्यंत, खांद्याच्या हाडातसुद्धा पसरलेल्या असतात. त्या भोकात पाणी गेलं म्हणजे फुप्फुसात गेलं. तिथे फक्त ओलसर गॉज झाकायचा आणि डॉक्टर गाठायचा. खांद्याजवळचं हाड बाहेर आलं असेल तर त्याही जागी पाणी मारायचं नाही. कधी कातड्याखाली हवा भरून अंग फुगतं आणि बोटाने दाबलं की कुरकुर लागतं. ते घाबरवणारं दिसतं, पण थोडं असेल तर आपोआप जिरतं. खूप फुगून श्वासाला त्रास होत असेल तर डॉक्टर निर्जंतुक सुईने हवा काढतात. ते घरी करायचं काम नव्हे.

असं काही नसेल तर सिरिंजने कोमट सलाइनची धार सोडा. हळद, खोबरेल, माती, पिसांचे तुकडे सगळं निघेपर्यंत. बाहेर येणारं पाणी स्वच्छ दिसलं पाहिजे, मग अर्धा लिटर लागो की एक. या धुण्याने जेवढे जंतू जातात तेवढे कुठल्याही मलमाने जात नाहीत. शेवटी पोव्हिडोन आयोडिन पाण्यात इतकं पातळ करा की फिक्कट चहाचा रंग येईल, आणि त्याने एकदा धुवा. थेट बाटलीतलं दाट औषध नव्या मांसाला जाळतं. हायड्रोजन पेरॉक्साइड, डेटॉल, स्पिरिट, रॉकेल, टर्पेंटाइन यातलं काही खोल जखमेत घालू नका. फेसाळलं म्हणजे काम झालं असं वाटतं, पण जंतूंबरोबर जिवंत मांसही मरतं.

लोंबणारं कातडं कापून टाकू नका. ओलं, गुलाबी असेल तर धुऊन परत जागेवर पसरून ठेवा, तेच तिचं पांघरूण आहे. टाके घालायचे की नाही हे डॉक्टर ठरवतील. चाव्याच्या जखमा पूर्ण शिवून बंद करत नाहीत, आत घाण कोंडते. फेविक्विकने चिकटवल्याचंही पाहिलंय, ते कृपा करून नको. वर सिल्व्हर सल्फाडायझिनची क्रीम अगदी पातळ लावा. दाट तुपकट मलमं पिसांना माखतात आणि ऊब घालवतात. बधिर करणारं औषध असलेली माणसांची मलमं अजिबात नकोत, पक्ष्यांना ती विषारी ठरू शकतात. पहिले दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ धुणं आणि क्रीम, नंतर जखम कोरडी, गुलाबी दिसू लागली की एकदा.

आता पंखाचं. शेजारी उभं राहून दोन्ही पंख बघा. डावा नुसता सैल पडलाय की मध्येच वळलाय? हलक्या हाताने हाडावरून बोट फिरवा, कुठे टोचतंय, कुठे खरखर लागते का. नुसता मार असेल तर पंख दोन-चार दिवसांत वर येतो. मोडलेला वाटत असेल तर नैसर्गिक घडी घालून अंगाला टेकवा आणि स्वतःलाच चिकटणारी गुंडाळपट्टी किंवा मऊ सुती पट्टी पंखावरून, दुसऱ्या पंखाच्या खालून फिरवा. पट्टीखाली एक बोट सहज गेलं पाहिजे. गुंडाळून झाल्यावर पाच मिनिटं श्वास बघा. पक्ष्याचं हाड लवकर जुळतं, तीनेक आठवड्यांत धरतं. त्याहून जास्त पट्टी ठेवू नका, नाहीतर पंख आखडतो. खळ्यात फिरणाऱ्या कोंबडीला थोडा वाकडा पंख राहिला तरी तिचं काही अडत नाही.

सोमवारची वाट बघू नका, हे मी ठासून सांगतो. कुत्र्याने खोल चावलेल्या कोंबडीला प्रतिजैविक लागतं आणि ते पहिल्या दिवसातच सुरू झालं पाहिजे. १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा, फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी तो आहे. शेजारच्या तालुक्यातला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना, खाजगी डॉक्टर, कुणीही. फोनवर एवढं सांगा: कुत्र्याचा चावा, किती वाजता, कोंबडीचं वजन, भोकं किती आणि कुठे, श्वास कसा, पाणी पिते का. वजनासाठी किराणा दुकानातला काटा चालेल, कारण औषध वजनावर ठरतं. आपल्याकडचे बरेच डॉक्टर गाई-म्हशींत गुंतलेले असतात आणि 'कोंबडीसाठी?' असं विचारतात. तेव्हा संकोच न करता सांगा की ही घरातली आहे आणि उपचार करायचे आहेत. मी अनेकदा बघितलंय, मालकाने ठामपणे सांगितलं की डॉक्टरही मनापासून करतात.

औषध पाण्यात मिसळून ठेवायचं नाही, हेही ध्यानात घ्या. शंभर कोंबड्यांच्या शेडमध्ये ते ठीक. जखमी कोंबडी धड पाणीच पीत नाही, मग औषध जाणार किती? तोंडातून थेट किंवा छातीच्या मांसात इंजेक्शन, डॉक्टर सांगतील तसं, आणि सांगितले तितके दिवस पुरे. तिसऱ्या दिवशी बरी दिसली म्हणून थांबवलं की आठव्या दिवशी आतून सडलेलं सापडतं. दुखण्यासाठी मेलॉक्सिकॅम देतात आणि ते मागून घ्या, कारण दुखणं कमी झालं तरच कोंबडी खाते. घरात असलेली डायक्लोफिनॅकची गोळी मात्र पक्ष्याला कधीच नाही. तिने मूत्रपिंडं निकामी होतात. मेलेल्या जनावरांच्या अंगातल्या याच औषधाने देशभरातली गिधाडं जवळजवळ संपवली, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारतात लोक. कोंबडीला त्याची गरज नसते, तिला धनुर्वात जवळजवळ होतच नाही.

कोकणातल्या पावसाळ्यात जखमेचा सर्वांत मोठा वैरी म्हणजे माशी. हिरवी माशी जखमेच्या काठावर पिसांत पांढरट अंड्यांचे पुंजके घालते आणि एका दिवसाच्या आत अळ्या बाहेर पडून मांसात शिरतात. सकाळी स्वच्छ बघितलेली जखम दुसऱ्या सकाळी वळवळताना दिसली की माणसाचा धीर सुटतो. म्हणून खोक्यावर मच्छरदाणीचं कापड चारी बाजूंनी बांधून घ्या. विष्ठा लागली की साडीची घडी लगेच बदला, कारण माशीला वास तिचाच येतो. रोज दोनदा गुदद्वाराभोवती आणि पंखाखाली वाकून बघा. अंडी दिसली तर ती पिसंच कापून टाका. अळ्या पडल्याच तर चिमट्याने एकेक काढायच्या, कोमट सलाइनने पुन्हा पुन्हा धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. गुरांच्या जखमेवर मारायचे फवारे आणि टर्पेंटाइन कोंबडीवर वापरू नका, एवढ्याशा जिवाला ते झेपत नाही.

आणि मुंग्या. रात्री ओल्या जखमेवर लाल मुंग्या चढतात. खोका स्टुलावर ठेवा आणि स्टुलाचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत. मध लावायचा सल्ला कुणी देईल. उथळ जखमेवर मध काम करतो खरा, पण आपल्याकडे त्याच्यामागून मुंग्या आणि माशा येतात, म्हणून मी सांगत नाही.

खाणं उद्यापासून. उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून, मऊ भात, बिनमिठाची पेज, भिजवलेलं खाद्य. अंड्याचं ऐकून लोक बिचकतात, पण नवं कातडं आणि पिसं बनायला प्रथिनं लागतात आणि त्याहून सोपं दुसरं काही नाही. जवळा असेल तर दोनदा धुऊन मीठ काढा आणि चिमूटभर द्या. खाद्य हातावर घेऊन बोटाने टकटक केलं की बऱ्याचशा कोंबड्या चोच मारतात. गळ्याखालची थैली रात्री हाताने चाचपा. खाल्लं असेल तर भरलेली लागेल आणि सकाळी ती रिकामी झालेली असली पाहिजे. पाणी प्यायल्यावर छातीवरच्या जखमेतून ओलं येत असेल तर ही थैली फाटलीय, तिला टाके लागतात.

दोन गोष्टी दिसतील, त्यांना घाबरू नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाठीचं आणि मांडीचं कातडं हिरवं पडेल. लोक म्हणतात सडलं. ते सडणं नव्हे. माणसाचा मुका मार आधी निळा आणि मग पिवळा होतो, तर पक्ष्याच्या अंगात साकळलेलं रक्त हिरव्या रंगावरच थांबतं. सडलेलं कातडं काळं, थंड असतं आणि त्याला घाण वास येतो. आणि जखमेत वाहता पू शोधू नका. पक्ष्याचा पू घट्ट, पिवळट, पनीरच्या चुऱ्यासारखा जमतो. कातड्याखाली अशी टणक गाठ लागली तर ती आपोआप फुटून वाहणार नाही, डॉक्टरांकडून काढून घ्यावी लागते.

विष्ठा पहिले दोन दिवस हिरवी आणि पातळ असेल, ती उपाशीपणाची. तिसऱ्या दिवसापर्यंत तिने डोळे उघडे ठेवले, स्वतःहून चोच मारली, तुरा लाल राहिला आणि ती चोचीने पिसं साफ करायला लागली, तर समजा सुटली. पिसं साफ करणं ही खूण मला सगळ्यांत भरवशाची वाटते. दुखण्यात बुडालेली कोंबडी अंगाकडे लक्ष देत नाही. उलट तुरा जांभळट, चोच उघडी ठेवून श्वास, अंग गार, तर त्याच क्षणी डॉक्टर.

अंडी घालणारी असेल तर आणखी एक बघा. धरलं तेव्हा पोटात अंडं तयार असेल तर ते आत फुटू शकतं. ती कुंथत असेल, शेपटी खाली टाकून उभी राहत असेल, पोट गरम आणि फुगलेलं लागत असेल तर ते डॉक्टरांना सांगा. एरवी अंडी काही आठवडे बंद राहतील, ते ठीकच आहे. सुरू झाली की औषधाचा अंश निघून जाईपर्यंत ती खायची नाहीत. किती दिवस, हे औषधावर असतं, डॉक्टरांना विचारून कॅलेंडरवर खूण करा.

आता मुलांचं. रेबीज हा सस्तन प्राण्यांचा रोग आहे. कोंबडीला तो होऊन तिच्यापासून तुम्हाला होईल ही भीती मनातून काढून टाका. प्रश्न तिच्या पिसांवरच्या ओल्या लाळेचा आहे. काल ज्यांनी तिला उचललं त्यांच्या हातावर कापलेलं, खरचटलेलं होतं का, कुत्र्याच्या तोंडातून सोडवताना कुणाला दात किंवा नख लागलं का, हे नीट विचारा, मुलं मार बसेल म्हणून लपवतात. असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि आजच प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, लस तिथे मोफत मिळते. कातडी धड होती तर हात धुणं पुरे. शेजाऱ्यांना कुत्र्याच्या लसीचं विचारा आणि कुत्रा दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवायला सांगा. खाण्याबद्दलचं माझं 'नको' याच कारणाने आहे: शिजवल्यावर विषाणू मरतो, पण कापणाऱ्याचे हात त्या लाळेत असतात, आणि चाव्याच्या मांसात जंतू वाढलेले असतात. औषध सुरू झाल्यावर तर प्रश्नच नाही.

एक अवघड गोष्टही लिहायला हवी. आतडी बाहेर आली असतील, किंवा श्वास घेताना सतत तडफडत असेल, तर तिला लांबवू नका, डॉक्टरांच्या हातून शांतपणे जाऊ द्या. पाय लुळे पडले असतील तर मात्र घाई नको. मणक्याला सूज असेल तर दोन-तीन दिवसांत पाय परत हलतात. तुम्ही जे लिहिलंय त्यात यातलं काही दिसत नाही.

बरी झाली तरी लगेच इतर कोंबड्यांत सोडू नका. लाल जखम दिसली की त्याच तिला टोचून टोचून मारतील, तिची सख्खी पिल्लंसुद्धा. खपली पडून कातडं कोरडं झालं की वर जेंशियन व्हायोलेट हे जांभळं औषध लावा, त्या रंगाने लाल झाकलं जातं. मग आठवडाभर जाळीपलीकडून एकमेकींना दिसू द्या आणि शेवटी रात्री, सगळ्या झोपल्यावर, खुराड्यात तिच्या जागी ठेवून द्या.

कुत्रा परत येणार, हे धरून चाला. एकदा चव लागलेला कुत्रा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याच वेळी त्याच वाटेने येतो. पुढचे काही दिवस बाकीच्या कोंबड्या कोंडून ठेवा. षट्कोनी भोकांची पातळ चिकन जाळी कोंबडी आत ठेवते, कुत्र्याला ती दाताने फाडता येते. वेल्ड केलेली जाडी जाळी घ्या, खालून बाहेरच्या बाजूला दीड-दोन फूट जमिनीवर पसरवा आणि तिच्यावर चिरे ठेवा. कुत्रा अगदी कडेला उकरतो, आणि तिथे त्याच्या पायाखाली जाळी आणि चिरा येतो. दाराला कडीबरोबर एक खालची खिट्टीही हवी, नाहीतर नाकाने ढकलून फट पडते. तिन्हीसांजेच्या आधी, दिवे लावायच्या गडबडीत विसरायच्या आत, कोंबड्या कोंडायच्या.

आज दुपारी जखम धुऊन झाली की तांबूच्या पाठीचा आणि पंखाचा फोटो पाठवा, आणि वजन कळवा. पंख बांधायचा की नाही ते बघून सांगतो.